लावण चरबीची: स्वतःच्या चरबीने स्तनांचा आकार वाढवणं म्हणजे नेमकं काय

पोटाचा घेर कमी होईल आणि छाती भरेल, एकाच ऑपरेशनमध्ये दोन्ही कामं. बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या बायकांच्या कानावर हा विषय बहुधा असाच येतो. कुणाची मावसबहीण पुण्याला जाऊन करून आलेली असते, कुणी मोबाइलवर जाहिरात बघितलेली असते. ऐकलेलं खोटं नसतं, पण अर्धवट असतं, आणि उरलेल्या अर्ध्यातच पैसे, तब्येत आणि मनस्ताप अडकलेला असतो. म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. इथून काढून तिथे घातलेली चरबी म्हणजे गादीत भरलेला कापूस नव्हे. ती जिवंत पेशींची लावण आहे, आणि लावलेलं सगळंच जगत नाही.

खानापूरच्या शिवारात भाताची लावण बघितलेल्या कुणालाही हे समजायला वेळ लागू नये. तरवा उपटला की त्याची मुळं तुटतात. चिखलात लावल्यावर पहिले काही दिवस रोप मान टाकतं, पिवळं पडतं, मग नवी मुळं धरली की सावरतं. दोन-तीन काड्या अंतर राखून लावल्या तर प्रत्येकीला माती मिळते. घाईघाईत अख्खी मूठ एकाच जागी खोचली तर कडेच्या काड्या जगतात आणि मधल्या कुजतात.

चरबीचं तसंच आहे. पोटातून किंवा मांडीतून बाहेर आली की तिचा रक्तपुरवठा तुटतो. नव्या जागी पहिले दोन-तीन दिवस ती आजूबाजूच्या मांसातून झिरपणाऱ्या द्रवावरच तग धरते. त्यानंतर बारीक रक्तवाहिन्या तिच्यात शिरू लागतात. तोवर प्राणवायू झिरपत झिरपत जेमतेम दीड ते दोन मिलिमीटर आतपर्यंत पोचतो. म्हणजे लावलेला चरबीचा धागा ३ मिलिमीटरच्या आसपास जाड असेल तर बहुतेक भागाला आशा आहे. गोळाच घातला तर त्याचा गाभा मरणार हे ठरलेलं. जपानमध्ये कोतारो योशिमुरा यांच्या गटाने हे तीन थरांत दाखवून दिलं. अगदी बाहेरच्या पातळ थरातल्या पेशी जगतात. त्याखालच्या थरातल्या चरबीच्या पेशी मरतात, पण त्यांच्यासोबतच्या चिवट मूळपेशी (स्टेम सेल) नवी चरबी तयार करतात. सगळ्यात आतला थर मात्र मरतो, आणि त्याचं पुढे तेल, गाठ किंवा चुन्याचा कण होतो. पुढे वाचाल ते जवळपास सगळे नियम या एका गोष्टीतून निघाले आहेत. किती घालायचं, किती वेळा घालायचं, मिश्री का सोडायची, बेल्ट कुठे बांधायचा नाही, सगळं.

हा उपचार कालपरवाचा नाही. १८९३ मध्ये जर्मनीत गुस्ताव नॉयबर यांनी दंडातली चरबी चेहऱ्यावरच्या खोलगट वणात घातली होती. १८९५ मध्ये व्हिन्सेंझ चेर्नी यांनी एका बाईच्या अंगावरची चरबीची गाठ काढून ती स्तनातला खड्डा भरायला वापरली. नळीने चरबी शोषून काढायची रीत, म्हणजे लायपोसक्शन, आल्यावर चरबी काढणं सोपं झालं. पण १९८७ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने स्तनात चरबी घालायला विरोध केला. मेलेल्या चरबीत चुन्याचे कण जमतात, ते मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेमध्ये, कॅन्सरसारखे दिसले तर खरा कॅन्सर ओळखता येणार नाही, ही भीती होती. पुढे चरबीचे कण आणि कॅन्सरचे कण यांतला फरक अनुभवी रेडिओलॉजिस्टना बहुतेक वेळा ओळखता येऊ लागला, आणि २००९ मध्ये त्याच संघटनेने बंदीची भूमिका सोडली. तपासणीचं काम मात्र बाईच्या मागे कायमचं लागतं. त्याबद्दल शेवटी सविस्तर बोलू.

किती वाढतं, याचा हिशेब

समजा एका बाजूला २५० मिली स्वच्छ केलेली चरबी घातली. तिच्यातली किती टिकेल हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. ४० ते ८० टक्के टिकते, आणि बहुतेकींच्या बाबतीत ५० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान. ६० टक्के धरली तर १५० मिली उरली. ब्राचा एक कप वाढायला साधारण १५० ते २०० मिली लागतात, कंपनीगणिक थोडाफार फरक पडतो. म्हणजे चांगल्या हाताने केलेलं, सगळं सुरळीत झालेलं एक ऑपरेशन अर्धा ते एक कप देतं. ब्लाऊजच्या भाषेत सांगायचं तर जुना ब्लाऊज घट्ट होईल, नवा शिवावा लागेल, पण बाई ओळखू येईनाशी होणार नाही. ‘एका बैठकीत दोन-तीन कप’ असं कुणी सांगत असेल तर तिथून उठून यावं.

आता दुसरी बाजू. दोन्हीकडे मिळून ५०० मिली स्वच्छ चरबी हवी. शोषून काढलेल्यात पाणी, रक्त आणि फुटलेल्या पेशींचं तेल असतं, त्यामुळे वापरण्याजोगी चरबी साधारण निम्मी निघते. म्हणजे एक लिटरच्या आसपास काढावं लागणार. पंचेचाळीस किलोच्या सडपातळ मुलीच्या अंगात हे एक लिटर आणायचं कुठून? नेमक्या तिलाच वाढ सगळ्यात जास्त हवी असते, आणि नेमकं तिलाच हे ऑपरेशन सगळ्यात कमी देऊ शकतं. काही जणी ऑपरेशनआधी मुद्दाम तूप-भात खाऊन पाच-सहा किलो वाढवतात. तसं करू नका. नव्या जागी गेली तरी चरबी आपला मूळ स्वभाव सोडत नाही. पोटावरची चरबी वजन उतरल्यावर आटते, तशी ती छातीतही आटते. ऑपरेशनआधी किमान सहा महिने वजन स्थिर हवं, आणि ते असं वजन हवं जे पुढे वर्षानुवर्षं टिकेल.

जागेचाही प्रश्न असतो. बाळंतपण आणि अंगावर पाजणं झालेल्या बाईची कातडी सैल असते, तिच्यात २५०-३०० मिली सामावतात. मूल न झालेल्या मुलीची कातडी ताणलेली असते, तिथे १५० ते २०० मिलीच्या पुढे दाब वाढतो. दाब वाढला की नुकत्या शिरू पाहणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या चेपल्या जातात आणि जास्त घातलेल्यातलं जास्तच मरतं. ३५० घालून १२० उरण्यापेक्षा २०० घालून १३० उरणं कधीही चांगलं, कारण मेलेल्या २३० मिलीचं शरीराला काहीतरी करावं लागतं. अजून वाढ हवी असेल तर तीन ते सहा महिन्यांनी दुसरी बैठक करता येते.

चरबीने स्तन मऊ आणि भरीव होतो, दोन स्तनांमधली आणि वरची पोकळी छान भरते. दोन बाजूंत फरक असेल तर तो कमी करायला हा उपचार फार उपयोगी आहे. पण स्तन पुढे उभा राहावा, असा उठाव इम्प्लांटमुळे, म्हणजे आत बसवलेल्या सिलिकॉनच्या पिशवीमुळे येतो, चरबीने तेवढा येत नाही. ओघळलेला स्तनही चरबीने वर जात नाही. आरशासमोर सरळ उभं राहून बघा. बोंड स्तनाखालच्या वळीच्या खाली गेलं असेल तर कातडी आवळण्याचं वेगळं ऑपरेशन लागतं. नुसती चरबी घातली तर ओझं वाढून ते आणखी खाली येईल.

मिश्री, गोळ्या आणि जुने टाके

‘तुम्ही सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाला आपल्याकडची बाई ‘नाही’ म्हणते, आणि ते खरंच असतं. पण सकाळ-संध्याकाळ दाताला मिश्री लावते का, हे विचारलं तर उत्तर वेगळं येतं. निपाणी पट्टा तंबाखूचा. कित्येक घरांत आजी, आई, सून एकाच डबीतून मिश्री घेतात, आणि तिला कुणी व्यसन म्हणत नाही. निकोटिन धुरातून गेलं काय किंवा हिरडीतून गेलं काय, बारीक रक्तवाहिन्या आवळतंच. लावलेली चरबी जगणार की नाही हे ज्या वाहिन्यांवर अवलंबून आहे त्या नेमक्या याच. मिश्री, तंबाखू, गुटखा, जर्दा पान, सगळं ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद हवं. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईच्या अंगातही तंबाखूची धूळ हातातून आणि श्वासातून जाते, तेव्हा तिने कामाचं स्वरूप डॉक्टरला आपणहून सांगावं. लघवीत कोटिनिन हा पदार्थ तपासून निकोटिन अंगात आहे का हे कळतं. ही तपासणी सांगितली तर त्यात अपमान वाटून घेऊ नका.

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेलसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ई जीवनसत्त्व, माशाच्या तेलाच्या किंवा लसणाच्या कॅप्सूल यांनी रक्तस्राव वाढतो. सात ते दहा दिवस आधी काय थांबवायचं ते सर्जन सांगतील. पण हृदयासाठी चालू असलेली गोळी, ती लिहून देणाऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय कधीही थांबवू नका. पाळी पुढे ढकलण्याच्या आणि गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. यात्रा-जत्रेसाठी घेतलेली असली तरी तेही सांगायचं.

पोटावर सिझेरियनचा किंवा कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनचा वण असेल, बेंबीपाशी फुगवटा असेल, तर आधी पोटाची सोनोग्राफी हवीच. हर्निया असेल तर पोटाची भिंत तिथे फाटलेली असते, आणि चरबी शोषणारी नळी त्या वाटेने आत जाऊन आतड्याला भोक पाडू शकते. हा अपघात विरळा, पण जिवावर बेतणारा आहे.

गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईचं हे ऑपरेशन करत नाहीत. पाजणं बंद झाल्यावर सहा महिने तरी जाऊ द्यावेत, म्हणजे स्तनाचा खरा आकार कळतो. वर्षभरात मूल हवं असेल तर ऑपरेशन पुढे ढकलणं शहाणपणाचं. घातलेली चरबी दुधाच्या ग्रंथीत घालत नाहीत, त्यामुळे दूध पाजण्याची क्षमता सहसा जात नाही, पण गरोदरपणात आकार पुन्हा बदलतो. आई, बहीण किंवा मावशीला स्तनाचा किंवा बीजाशयाचा कॅन्सर झालेला असेल तर आधी कॅन्सरतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. स्वतःच्या स्तनात न तपासलेली गाठ असताना तर सौंदर्याच्या ऑपरेशनचा विचारही नको. सुरुवातीची तपासणी सगळ्यांनाच लागते. चाळिशीच्या आत असाल तर सोनोग्राफी, चाळिशीनंतर मॅमोग्राफीही. पुढे काही दिसलं तर तुलना करायला हाच पहिला फोटो कामी येतो.

ऑपरेशनच्या दिवशी

सहा तास आधीपासून खाणं बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. खुणा उभ्यानेच केल्या जातात, कारण आडवं झाल्यावर चरबी सरकते आणि खुणा चुकतात.

जिथून चरबी काढायची तिथे आधी औषधी पाणी भरतात. एक लिटर रिंगर लॅक्टेट किंवा सलाइनमध्ये १ मिग्रॅ ॲड्रेनलिन आणि जागा बधिर करणारं ठरावीक लिग्नोकेन. ॲड्रेनलिन रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून रक्त फार जात नाही. पण त्यासाठी १५ ते २० मिनिटं थांबावं लागतं. घाईत लगेच शोषायला घेतलं तर बाटली लाल होते. लिग्नोकेनची या पद्धतीतली सावध मर्यादा वजनाच्या दर किलोला ३५ मिग्रॅ अशी धरतात. पन्नास किलोच्या बाईला १७५० मिग्रॅ. दोन टक्के लिग्नोकेनच्या ३० मिलीच्या बाटलीत ६०० मिग्रॅ असतं, म्हणजे तिसरी बाटली पूर्ण रिकामी केली की मर्यादा ओलांडली. हा हिशेब डॉक्टरचा आहे, पण तुमच्या घरच्यांना यातली एक गोष्ट माहीत हवी. चरबीत भरलेलं लिग्नोकेन रक्तात हळूहळू उतरतं आणि सर्वांत जास्त पातळी साधारण १० ते १४ तासांनी येते. सकाळी ऑपरेशन झालं तर रात्री. त्या वेळी ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूसारखी चव, कानात आवाज, बोलणं अडखळणं, झटके यांतलं काहीही दिसलं तर लगेच हॉस्पिटल गाठायचं. म्हणूनच संध्याकाळच्या बसने अथणीला किंवा जांबोटीला एकटीने परत जाण्याचा बेत करू नये. ती रात्र हॉस्पिटलमध्ये, निदान हॉस्पिटलच्या गावात आणि सोबत कुणी असताना काढावी.

मग ३-४ मिलिमीटरच्या चिरेतून साधारण ३ मिमी जाडीची बोथट नळी आत जाते. तिला कॅन्युला म्हणतात. जोरात ओढलं की चरबीच्या पेशी फुटतात. म्हणून कित्येक सर्जन मशीनऐवजी १० मिलीची सिरिंज वापरतात आणि दट्ट्या एक-दोन मिलीएवढाच मागे ओढून धरतात. मशीन वापरायचं असेल तर त्याचा ओढा कमी ठेवतात. पोट सपाट करायला वापरतात तो पूर्ण जोर इथे चालत नाही. इथे चरबी फेकायची नसून जगवायची असते.

भरलेल्या सिरिंज स्टँडवर उभ्या ठेवल्या की काही मिनिटांत तीन थर दिसू लागतात. वर वितळलेल्या तुपासारखं पिवळं पारदर्शक तेल. खाली गुलाबी-लालसर पाणी. मधे फिकट पिवळी, रवाळ, ताज्या लोण्याची आठवण करून देणारी चरबी. कामाची तेवढीच. खालचं पाणी सिरिंजच्या तोंडातून सोडून देतात, वरचं तेल ओतून किंवा कापसाच्या वातीने टिपून काढतात. काही ठिकाणी मिनिटाला ३००० फेऱ्यांनी तीन मिनिटं सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून थर वेगळे करणारं यंत्र) फिरवतात, काही ठिकाणी सलाइनने धुऊन बंद पिशवीतच गाळतात. यातली कोणतीही रीत नीट केली तर चालते. चरबी उघड्यावर तासन्‌तास पडून राहणं मात्र चालत नाही.

लावण आता सुरू होते, आणि सर्जनचा हात इथेच कळतो. दीड ते दोन मिमीची बोथट कॅन्युला रिकामीच पुढे सारायची आणि मागे घेताना हळूहळू दट्ट्या दाबायचा. १५ सेंटिमीटरच्या एका ओढीत १ मिली सारखी पसरली तर सुमारे ३ मिमी जाडीचा धागा पडतो. मघाशी सांगितलेली मर्यादा तीच. पुढचा धागा वेगळ्या दिशेने, वेगळ्या खोलीवर. थोडी कातडीखाली, थोडी ग्रंथीच्या मागे, थोडी छातीच्या स्नायूत. ग्रंथीच्या आत मुद्दाम घालत नाहीत. आता मोजा. एका बाजूला २५० मिली म्हणजे किमान अडीचशे ओढी, दोन्ही बाजूंना मिळून पाचशे. चरबी काढण्याचा आणि स्वच्छ करण्याचा वेळ धरून सगळ्याला दोन ते चार तास लागतात. ‘अर्ध्या तासात इंजेक्शनने’ म्हणणारा एकतर गोळे घालतो आहे, नाहीतर जे घालतो आहे ती चरबीच नाही. द्रव सिलिकॉन आणि पॉलिॲक्रिलामाइडसारख्या जेलची इंजेक्शनं अशीच खपवली जातात. त्या जेलवर चीनने २००६ मध्ये बंदी घातली. ते स्तनभर पसरतं, गाठी करतं आणि पूर्ण बाहेर काढता येत नाही.

कातडी ताणून संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागली, पांढरी पडली किंवा घातलेली चरबी भोकांतून परत येऊ लागली की थांबायचं. उरलेली चरबी फेकावी लागली तरी चालेल.

एक सूचना जाहिरातींबद्दल. ‘स्टेम सेल ब्रेस्ट’ म्हणून जादा पैसे मागणाऱ्यांना विचारा की हे कोणत्या मंजूर संशोधन प्रयोगाखाली करता. चरबीत मूळपेशी असतातच, त्या वेगळ्या काढून घालणं ही निराळी गोष्ट. आपल्या देशाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा वापराला मंजूर प्रयोगाबाहेर जागा नाही.

घरी आल्यावर

जिथून चरबी काढली तिथे घट्ट बेल्ट किंवा पट्टी तीन ते सहा आठवडे. छातीवर मात्र कोणताही दाब नको, आणि पोटाचा बेल्ट वर सरकून स्तनाखाली चेपत नाही ना हे बघायचं. तारेची ब्रा चार ते सहा आठवडे बंद, उपडं झोपणं बंद. छातीवर बर्फ लावू नका, त्याने वाहिन्या आवळतात. त्याच दिवशी संध्याकाळी धरून का होईना, चालायला लागायचं. पायात रक्त साकळू नये म्हणून ते औषधाइतकंच महत्त्वाचं आहे.

छातीच्या स्नायूतही चरबी घातलेली असते, तेव्हा त्या स्नायूला जोर लागेल अशी कामं दोन-तीन आठवडे दुसऱ्याने करायची. आपल्या घरात त्या यादीत सर्वांत वर भाकरी थापणं येतं. पीठ मळणं आणि परातीत भाकरी थापणं हा छातीच्या स्नायूचाच व्यायाम आहे. पाण्याची घागर, कपडे पिळणं, मूल कडेवर घेणं, खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकी हेही त्यातच आलं. घरच्यांशी हे आधी बोलून ठेवा. ‘काय झालंय हिला, बसून असते’ हे ऐकावं लागू नये म्हणून बाया चौथ्या दिवशी चुलीपाशी उभ्या राहतात, आणि त्यांच्या कष्टाच्या पैशाची लावण वाया जाते. हे बघून वाईट वाटतं.

पहिले दोन आठवडे सूज असते, स्तन हवे त्यापेक्षा मोठे दिसतात. चौथ्या आठवड्यात कमी झालेले दिसतात आणि ‘सगळं गेलं’ असं वाटतं. दोन्ही अंदाज चुकीचे. तीन महिन्यांनी आकार बसतो, सहा महिन्यांनी उरेल तो खरा. या काळात उपास-डाएट करून वजन उतरवू नका.

काय बिघडतं

तातडीचं आधी. ऑपरेशननंतरच्या पहिल्या तीन दिवसांत धाप लागली, भान हरपल्यासारखं झालं, छातीवर किंवा काखेत बारीक लाल ठिपके उठले, तर चरबीचे कण फुप्फुसात गेले असण्याची शक्यता असते. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये हे फार क्वचित होतं, पण एक तासही थांबायचं नसतं. एका पोटरीला सूज आणि दुखणं, १०१ अंशांवर ताप, एका बाजूचा वाढत जाणारा ठणका, लाली, घाण वासाचा स्राव, हेही त्याच दिवशी दाखवायचं.

एक जंतुसंसर्ग मात्र उशिरा आणि गुपचूप येतो. तीन ते आठ आठवड्यांनी, कधी आणखी उशिरा, चिरेपाशी किंवा स्तनात छोट्या गाठी येतात, फुटतात, भरतात, पुन्हा येतात. नेहमीच्या अँटिबायोटिक गोळ्यांनी हटत नाहीत. हे क्षयाच्या जंतूंच्या भावकीतले, पाण्यात आणि मातीत राहणारे जंतू असतात. लांब, अरुंद कॅन्युला आतून नीट घासल्या नाहीत, किंवा नळाच्या पाण्याने धुऊन नुसत्या औषधात बुडवल्या, की ते शिरतात. अशा वेळी गोळ्या बदलत न बसता पू तपासायला पाठवून या जंतूंची खास तपासणी आणि कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) मागायचं. उपचार कित्येक महिन्यांचा असतो. ऑपरेशनआधी ‘कॅन्युला ऑटोक्लेव्ह करता का?’, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करता का, हा प्रश्न विचारायला लाजू नका.

सर्वांत जास्त आढळणारी अडचण म्हणजे गाठ. गोळ्याचा गाभा मेला की त्याचं तेल होतं, त्याभोवती पातळ पडदा तयार होतो आणि हाताला वाटाण्यासारखं काहीतरी लागतं. याला ऑइल सिस्ट म्हणतात. बहुतेक निरुपद्रवी असतात. मोठी झाली किंवा दुखली तर सुईने तेल काढता येतं. काही जागा कडक होतात, त्यांना चरबीचा नेक्रोसिस म्हणतात, आणि त्या कधीकधी सोनोग्राफीत कॅन्सरसारख्या दिसतात. अशा वेळी जाड सुईने तुकडा काढून तपासावा लागतो. ‘चरबी घातलीय ना, त्याचीच असणार’ असं स्वतः ठरवून घरी बसू नका. चरबी घातलेल्या स्तनालाही इतर कोणत्याही स्तनासारखा कॅन्सर होऊ शकतो.

याशिवाय दोन बाजूंत फरक राहू शकतो, आणि जिथून चरबी काढली तिथे खड्डे किंवा वळ्या उरू शकतात. एकाच जागेतून फार काढलं की असं होतं. नळीचं टोक चुकून फासळ्यांमधून आत गेलं तर फुप्फुसाभोवती हवा शिरते. तेही फार क्वचित.

कुठे करायचं, कागद कोणते

निपाणीच्या बाईला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, खानापूरच्या बाईला बेळगाव किंवा हुबळी, आणि पुण्या-मुंबईचं नाव मोठं. ऑपरेशन कुठेही करा, पण चौथ्या रात्री ताप आला तर कोण बघणार, याचं उत्तर आधी हवं. त्या डॉक्टरचा फोन नंबर आणि आपल्या गावाजवळच्या सर्जनचं नाव, दोन्ही कागदावर असू द्या.

सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी पदवी हवी, आणि राज्याच्या मेडिकल कौन्सिलमध्ये नोंद हवी. भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर हवेत. कर्नाटकात खासगी दवाखान्यांची २००७ च्या कायद्याखाली नोंदणी लागते, नोंदणीचं प्रमाणपत्र आणि दर दिसतील असे लावावे लागतात. ब्यूटी पार्लरच्या वरच्या मजल्यावरची खोली म्हणजे ऑपरेशन थिएटर नव्हे. दर विचारताना भूल, थिएटर, बेल्ट, नंतरच्या सोनोग्राफी आणि दुसरी बैठक यांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्या. निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या ऑपरेशनला आरोग्य विमा पैसे देत नाही. कॅन्सर, भाजणं किंवा अपघातानंतरच्या दुरुस्तीची गोष्ट वेगळी.

संमतीचा कागद आपल्याकडे कन्नड किंवा इंग्रजीत येतो. वाचता येत नसेल तर ‘मराठीत समजावून सांगा’ म्हणायचा तुम्हाला हक्क आहे, आणि समजेपर्यंत सही करायची नाही. रुग्णाला पुरेशी माहिती देऊन, नेमक्या त्याच उपचारासाठी संमती घेतली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगितलं आहे. चरबी घालण्याच्या संमतीवर इम्प्लांट घालता येत नाही.

डिस्चार्ज घेताना एक कागद मागून घ्या. ऑपरेशनची तारीख, चरबी कुठून काढली, उजवीकडे किती मिली, डावीकडे किती, कोणत्या थरात. शेताचा उतारा जपतो तसा तो जपायचा, ऑपरेशनआधीच्या सोनोग्राफी-मॅमोग्राफीच्या फिल्मसोबत एकाच पिशवीत. वर्षभराने पुन्हा तपासणी करायची. त्यानंतर चाळिशीपासून नियमित मॅमोग्राफी, आणि आईला किंवा बहिणीला स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर त्यांच्या त्या वयाच्या दहा वर्षं आधीपासून. दर वेळी ती पिशवी घेऊन जायची आणि मशीनपाशी उभं राहण्याआधी सांगायचं की माझ्या स्तनात अमुक साली चरबी घातली आहे. तपासणीला सासूबाई किंवा जाऊबाई सोबत आल्या असतील आणि त्यांच्यासमोर बोलायचं नसेल तर तो कागद घडी करून रेडिओलॉजिस्टच्या हातात द्यायचा. अंड्याच्या कवचासारखी गोल, पातळ चुन्याची रेघ दिसली की कागद वाचलेला डॉक्टर तिला तेलाची गाठ म्हणून ओळखतो, आणि तुमची एक सुई वाचते.